मिलोयेची दुमडती दांडी

मिलोयेने पस्तीस वर्षं लोकांना झोपवण्यात घालवली होती. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात तो नकाशे काढायला होता आणि त्याचा विभाग म्हणजे झोपायचे बर्थ. बेलग्रेडहून समुद्राकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत ज्याला म्हणून डुलकी लागली, ती आपल्यामुळे लागली अशी त्याची पक्की समजूत होती, आणि ती तो कुणापासून लपवून ठेवत नसे. तेव्हा बायको, म्हणजे देसांका, जेव्हा म्हणाली की अकरा कोंबड्या आणि एका कोंबड्याला रात्री बसायला खुराड्यात नीट जागा करून दे, तेव्हा त्याला हसूच आलं.

"दोन दिवस," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी तुझ्या कोंबड्या घोरायला लागतील."

"घोरायला नकोत," देसांका म्हणाली. "आत झोपल्या तरी पुष्कळ."

तिचंही बरोबर होतं. सप्टेंबरात जुन्या खुराड्याचं छप्पर कोसळलं. मिलोयेने भिंती सावरल्या, नवं छप्पर घातलं, दार लावलं, मागच्या भिंतीला झडपेची खिडकी केली. पण तोवर कोंबड्यांनी अंगणातल्या अक्रोडावर मुक्काम हलवला होता. अक्रोडावर कुना चढायची. कुना म्हणजे मांजराएवढं, मुंगसाच्या तोंडवळ्याचं जनावर, आणि झाडावर चढण्यात मांजराची आजी. सोळाच्या अकरा झाल्या. रोज सकाळी देसांका झाडाखाली जायची आणि पिसं गोळा करून आणायची, एक शब्द न बोलता. नवऱ्याला ते शब्दांपेक्षा जड जायचं.

त्यात अंड्यांची भानगड. दर शुक्रवारी तीस अंडी, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून, बसच्या ड्रायव्हरच्या हाती बेलग्रेडला नातीकडे जायची. नात या अंड्यांवरच वाढतेय आणि बेलग्रेडचं बाकीचं खाणं नुसतं दाखवायचं असतं, असा देसांकाचा सिद्धांत होता.

"इग्नातच्या दिवसापर्यंत बघते," तिने शेवटचं सांगितलं. "त्या दिवशी सूर्य बुडताना सगळ्या आत बसल्या तर बसल्या. नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या बसने बहिणीकडे. तिचं खुराडं विटांचं आहे. मला रोज पिसं वेचायची नाहीत."

संत इग्नातचा दिवस दोन जानेवारीला. गावात त्याला कोंबड्यांचा नाताळ म्हणतात. म्हणजे मिलोयेच्या हातात चांगले अडीच महिने होते, आणि त्याने मागितले होते दोन दिवस.

कुंपणापलीकडून शेजारीण झागोर्का सगळं ऐकत होती. झागोर्का सत्तरीची, विधवा, आणि तिच्या कोंबड्या बर्फातसुद्धा अंडी घालायच्या. "दोन फळ्या घे," ती म्हणाली. "चपट्या. एका उंचीवर ठोक. झालं काम."

"शेजारीणबाई," मिलोये म्हणाला, "तुमच्या कोंबड्या नुसत्या बसतात. माझ्या झोपणार आहेत."

पहिला नकाशा त्याने रात्रीच्या गाडीवरूनच काढला. खाली, मध्ये, वर. एकाखाली एक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर चार जणी. दांड्या कारखान्यातून निवृत्तीच्या वेळी आणलेल्या, चकचकीत पोलादी नळ्यांच्या. अंडी घालायची खोकी त्याने सर्वात वर, छताला लागून बसवली, सामान ठेवायच्या फळीसारखी. देसांका दारात उभी राहून बघत होती. तिने एवढंच विचारलं, की वरची हगली तर खालचीचं काय?

"डब्यात असा प्रश्न कधी आला नाही," मिलोये म्हणाला.

खुराड्यात तो पहिल्याच रात्री आला. कोंबड्यांना संध्याकाळी दाणे दाखवून आत घेतलं, दार लावलं. आत जे युद्ध झालं ते बाहेर ऐकू येत होतं. प्रत्येकीला वरचाच बर्थ हवा होता. कोंबडीची जात अशी, की जिथे सगळ्यांत उंच, तिथेच तिला झोप. वर पोचलेल्या गुळगुळीत नळीवरून घसरायच्या, मधल्यांच्या अंगावर पडायच्या आणि दोघी मिळून खाली यायच्या. शेवटी सहा जणी खोक्यांत शिरून झोपल्या, कारण खोकी नळ्यांहून उंच होती. कोंबडा रात्रभर जमिनीवर उभा होता. सकाळी दार उघडलं तेव्हा पांढरी कोंबडी कुठली ते देसांकाला ओळखू येईना. खोक्यांतली अंडी कुठल्या अवस्थेत होती हे सांगायला नको. त्या शुक्रवारी बस अंड्यांविना गेली, आणि संध्याकाळी कोंबड्या आपल्या आपण अक्रोडावर गेल्या.

नोव्हेंबरात त्याने जागा वाटून दिल्या. प्रत्येकीच्या पायात नंबराची कडी, दांडीवर तोच नंबर. रोज संध्याकाळी तो झाडावरून एकेकीला उतरवून तिच्या नंबरावर नेऊन ठेवायचा. बारावी ठेवेपर्यंत पहिल्या चार बाहेर.

"त्यांना वाचता येत नाही," झागोर्का कुंपणावरून म्हणाली.

मिलोयेने कानावरची पेन्सिल काढली. उत्तर नसलं की तो पेन्सिलीला टोक करायचा.

डिसेंबरात मात्र त्याला खरंच सुचलं. तीन मजले काढून टाकले. दोन चपट्या दांड्या घेतल्या, अ‍ॅश नावाच्या झाडाच्या चांगल्या कठीण लाकडाच्या, दोन्ही एका उंचीवर, कमरेच्या जरा खाली. खोकी काढून दारालगतच्या भिंतीला, दांड्यांहून कमी उंचीवर, एका रुंद फळीवर ठेवली. म्हणजे खरं तर झागोर्काने ऑक्टोबरात सांगितलं होतं तेच. पण झागोर्काने सांगितलेलं जसंच्या तसं करायचं म्हणजे पस्तीस वर्षं पाण्यात गेली. म्हणून त्याने दोन दांड्यांची मिळून एक चौकट केली, ती भिंतीला बिजागऱ्यांवर बसवली आणि बर्थसारखी वर दुमडती केली. सकाळी दुमडायची, खालची घाण ओढून काढायची, संध्याकाळी पाडायची. आणि तिला लावला त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा शोध, सुरक्षेचा खटका. बर्थवर माणूस असताना तो चुकून दुमडला जाऊ नये म्हणून केलेला. जोवर वर वजन आहे तोवर खटका उघडत नाही. किती खटपट करा, उघडत नाही. स्क्रूऐवजी त्याने सगळीकडे रिव्हेट मारले, कारण प्रवासी स्क्रू काढून नेतात हा त्याचा अनुभव. वरून व्हार्निशचे तीन हात दिले.

कोंबड्या आल्या, बघितलं, कोंबड्याने पहिली उडी मारली. खटका बसला, खाट्‌! आणि बाराच्या बारा जणांनी दाराबाहेरचा रस्ता धरला.

एकतीस डिसेंबरपर्यंत मिलोये त्या खटक्याला तेल पाजत होता. स्प्रिंग बदलली, खाली चामडं लावलं. एक तारखेला संध्याकाळी खटका अगदी मांजराच्या पावलाने बसायला लागला. आता राहिली परीक्षा. कारखान्यात बर्थ पास व्हायचा तर त्यावर एकशेवीस किलोचं वाळूचं पोतं टाकायचे. कोंबडी दोन किलोची असते हे मिलोयेला ठाऊक होतं, पण नियम तो नियम. गावात तेवढ्या वजनाची हाताशी असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे त्याचा कुम वेलिमिर. कुम म्हणजे लग्नात शेजारी उभा राहिलेला, मुलीचं नाव ठेवलेला, सख्ख्या भावाहून जवळचा माणूस. कुमला नाही म्हणता येत नाही, आणि कुमही नाही म्हणत नाही.

"उद्या सकाळी लवकर ये," मिलोयेने फोनवर सांगितलं. "घरात नको येऊस. मागच्या फाटकाने सरळ खुराड्यात."

"काय करायचंय?"

"बसायचंय."

वेलिमिरला वाटलं राकिया, म्हणजे घरची आलुबुखाराची दारू, प्यायचीय. तो साडेसहालाच हजर झाला.

आता इथे एक गोष्ट मिलोयेच्या डोक्यातून साफ गेली होती. इग्नातच्या दिवशी घरात पहिला जो माणूस पाऊल टाकतो, त्याच्या पायगुणावर कोंबड्यांचं वर्ष जातं. गेल्या वर्षी तो पहिला माणूस वेलिमिरच होता आणि सोळाच्या अकरा झाल्या होत्या. देसांकाने कुमला तोंडावर काही म्हटलं नव्हतं. कुमला म्हणत नाहीत. पण या वर्षी तिने गुपचूप झागोर्काला सातची वेळ दिली होती. ज्या बाईच्या कोंबड्या बर्फात अंडी घालतात, तिचाच पाय आधी लागलेला बरा. तिला बसवायला चुलीपाशी उशी मांडून ठेवली होती, फोडायला भोपळा काढून ठेवला होता, गव्हाचं भांडं भरलं होतं.

इकडे खुराड्यात वेलिमिर वाकून उभा. छप्पर त्याच्या खांद्याला लागत होतं.

"कुठे बसू?"

"या दांडीवर. बेताने नको, मोकळेपणाने बस. पोतं कधी बेताने पडत नाही."

वेलिमिर मोकळेपणाने बसला. चौकट इंचभरसुद्धा हलली नाही. खटका आवाज न करता बसला. मिलोयेच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मग वेलिमिर जरा मागे टेकायला गेला. तीन हात व्हार्निश दिलेलं लाकूड. तो पुढच्या दांडीवरून सरकला आणि दोन दांड्यांच्या मधल्या फटीत बसता झाला. बसता म्हणजे पुरता बसता. गुडघे हनुवटीला, पाय अधांतरी, हात दोन्हीकडे पसरलेले, आणि त्याच्या पृष्ठभागाने फट अशी भरून टाकली की त्यातून वारा जाईना.

"मिलोये," तो म्हणाला, "मला वाटतं, मी अडकलोय."

"छे. खटका सोडतो, चौकट वर उचलतो, तू आपोआप सुटशील." मिलोयेने खटका दाबला. मग दोन्ही हातांनी दाबला. मग त्याला आठवलं, की वर वजन असताना हा खटका उघडत नाही.

"उघड ना."

"तू थोडा उठ. चार बोटं उठलास तरी पुरे."

"उठता आलं असतं तर तुला कशाला हाक मारली असती?"

मिलोयेने त्याला काखेत धरून उचलायला बघितलं. पण खुराड्यात त्याला स्वतःलाच सरळ उभं राहता येत नव्हतं. वाकलेल्या माणसाने एकशेवीस किलो उचलायचे म्हणजे शेपटीला धरून बैल गोठ्यातून काढायचा. दोनदा प्रयत्न करून तो जमिनीवर बसला आणि काढायला स्क्रू आहेत का ते बघू लागला. सगळे रिव्हेट.

बरोबर सात वाजता झागोर्का हातात पहिल्या पाहुण्याने आणायची आलुबुखाराच्या झाडाची वाळकी काटकी घेऊन, नवा रुमाल बांधून फाटकातून आली. घराकडे वळायच्या आधी तिला खुराड्यातून कण्हणं ऐकू आलं. तिने दारातून डोकावलं, सावकाश सगळं बघून घेतलं आणि मागे वळून हाक मारली.

"अगं देसांका, मला बोलावलंस कशाला? तुझा पहिला पाहुणा तर केव्हाचा येऊन बसलाय."

देसांका हातातल्या गव्हासकट धावत आली. कुमला बघून तिचा चेहरा उतरला. मग तिने नवऱ्याकडे बघितलं. मिलोयेने सगळी हकीकत सांगितली, खटका कसा बिनआवाज बसतो हेसुद्धा सांगितलं.

"तो घरात कुठे आलाय?" मिलोये म्हणाला. "घरात झागोर्काच पहिली जाईल. हा धरायचा नाही."

"दिवस कुणाचा आहे?" झागोर्काने विचारलं.

"कोंबड्यांचा."

"मग कोंबड्यांचं घर कुठलं?"

वेलिमिर म्हणाला की हा विचार नंतरही करता येईल, आधी त्याला काढा. मिलोये करवत आणायला निघाला नाहीच. दांडीला करवत लावायची कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. पाना आणतो, म्हणाला. पण त्याला देसांकाने दारातच अडवलं.

"थांबा. आता त्यांना काढायचं नाही."

"म्हणजे?" वेलिमिर म्हणाला.

"कुम, माझ्यावर राग धरू नका. पण पहिला पाहुणा आला की आला, तो काही बदलून मिळत नाही. आमच्या आईकडे तो बारा वाजेपर्यंत जागचा हलायचा नाही. तो उठला की कोंबड्या अंड्यांवरून उठल्या. गेल्या वर्षी तुम्ही कॉफी संपल्या संपल्या उठलात. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

"वहिनी, तेव्हा माझी बस होती."

"आज नाहीये ना? मग बसा."

आणि तिने चुलीपाशी मांडलेली उशी आणून, वाट काढत काढत, कुमच्या पाठीमागे खोचली. झागोर्का इतका वेळ जरा रुसलेली होती, पण आता तिलाही राहवेना. चाळीस वर्षांत तिने किती पाहुणे बसवले असतील, कुणी खुर्चीत चुळबुळ करायचा, कुणाला बाहेर जायचं असायचं. "इतकं घट्ट बसलेला माणूस मी पाहिला नाही," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडा हेवा होता. आपली काटकीही तिने कुमच्याच हातात दिली.

मग रीतसर सगळं खुराड्यात झालं. देसांकाने कुमवर गहू उधळला. खुराड्याभोवती दोरीचं रिंगण घातलं आणि कोंबड्यांना त्यात दाणे टाकले, म्हणजे वर्षभर त्या दुसऱ्याच्या अंगणात अंडी घालत नाहीत. कुमच्या पायांखाली भोपळा आपटून फोडला. जितक्या बिया तितकी पिल्लं. इकडचा नाताळ सात जानेवारीला, त्याचा उपास चालू, म्हणून जेवण साधंच. तेलातली घेवड्याच्या दाण्यांची आमटी, लोणच्याची कोबी, भोपळ्याची गोड पोळी आणि राकिया. आमटी मिलोयेने चमच्याने भरवली, कारण कुमचे हात दांड्यांवर टेकलेले होते आणि ते काढले की तो आणखी दोन बोटं खाली जायचा.

"पायाला मुंग्या आल्यात," वेलिमिर दहा वाजता म्हणाला.

"चांगलं लक्षण आहे," झागोर्का म्हणाली.

"कशाचं?"

"बघू वर्षअखेर."

अकरा वाजता त्याला पाय आहेत की नाहीत हेच कळेना. साडेअकराला तो म्हणाला की मिलोये, मी तुझ्या लग्नात तुझ्या बाजूला उभा होतो, आठवतं? उभा होतो. मिलोयेला फार वाईट वाटलं. त्याने त्याला आणखी एक राकिया पाजली.

बारा वाजले. देसांकाने छातीवर क्रॉसची खूण केली आणि म्हणाली, "आता काढा. देव तुमचं भलं करो, कुम."

पण बारा वाजले म्हणून खटका काही उघडणार नव्हता. मिलोयेने रिव्हेट छिन्नीने तोडून बघितले. पस्तीस वर्षांचा हात, एक तुटला तर शपथ. साबणाचं पाणी ओतून बघितलं, त्याने कुम ओला झाला आणि आणखी दोन बोटं खाली गेला. शेवटी झागोर्काने आपली आलुबुखार काढायची शिडी आणली. नऊ पायऱ्यांची, जुनी, पावसाने करडी पडलेली. ती मागच्या झडपेच्या खिडकीतून आत घातली, आतलं टोक खोक्यांच्या फळीवर उभ्या केलेल्या पिंपावर टेकवलं, म्हणजे शिडी आडवी झाली, कुमच्या छातीच्या उंचीवर. त्याने तिच्यावर हात टाकून अंग वर ओढायचं आणि त्याच वेळी मिलोयेने खटका दाबायचा. वेलिमिरने ओढलं. शिडी करकरली, पिंप करकरलं, वेलिमिरही करकरला. चार बोटं काही वर आला नाही. तासाभरात पंधरा वेळा ओढून झालं.

"करवत आण," झागोर्का म्हणाली.

"एकदा शेवटचं बघू," मिलोये म्हणाला.

"मिलोये, दांडीच आहे ती. माणूस हा आहे."

"माहितेय. पण एकदा."

असे आणखी सात-आठ 'एकदा' झाले. त्याला दांडी कापवत नव्हती, हे खरं कारण. कारखाना बंद पडला त्या दिवशी त्याचे नकाशे अंगणात जाळले होते, आणि तेव्हापासून त्याने स्वतःच्या डोक्याने केलेली आणि धड चालणारी वस्तू म्हणजे ही एवढीच. चालते हे तर आज सिद्धच झालं होतं. बिचारी एकशेवीस किलो घेऊन सकाळपासून हलली नव्हती.

साडेतीन वाजले. उजेड पिवळा पडला. कोंबड्या रिंगणातून निघाल्या, खुराड्याच्या दाराशी आल्या, आत कण्हणारा माणूस बघितला आणि अक्रोडाकडे वळल्या. मिलोयेने हे दारातून पाहिलं. मग त्याने देसांकाला पाहिलं. ती घरातून पुठ्ठ्याची खोकी आणत होती. चार खोकी, झाकणांना सुरीने भोकं पाडलेली, उद्याच्या बससाठी. देसांका ती अंगणात ओळीने मांडत होती आणि नाक पुसत होती. राखी कोंबडी तिच्या पायाशी घुटमळत होती. देसांकाने तिला उचललं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की तिकडे गरम आहे, विटांचं आहे, तिकडे कुना नाही. सांगता सांगता तिला रडू आलं.

मिलोये खुराड्यातून बाहेर पडला. पडवीतून करवत घेऊन आला.

"धर," तो कुमला म्हणाला, आणि पुढच्या दांडीला करवत लावली. अ‍ॅशचं लाकूड कठीण. व्हार्निशचा वास सुटला. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि कपाळावर थंडीतही घाम होता. शेवटचा धागा तुटला तसा वेलिमिर एकदम खाली बसला, भोपळ्यावर. चौकट मोडून दोन बाजूंना लोंबली. वजन गेलं, त्याबरोबर खटका सुटला. अगदी मांजराच्या पावलाने.

कुमला दोघांनी धरून बाहेर काढलं. तो तसाच, गुडघे वाकवून, बदकासारखा चार पावलं चालला आणि भिंतीला धरून उभा राहिला. आत साफ करायला वेळच नव्हता. मिलोयेने मोडकी चौकट ओढून बाहेर टाकली आणि सगळे बाजूला झाले.

राखी कोंबडी आधी आली. दारात थांबली, मान तिरकी केली. आत कुणी कण्हत नव्हतं. जमिनीवर भोपळ्याच्या बिया पडल्या होत्या, त्या तिने टिपल्या. मग वर बघितलं. खुराड्यात आता सगळ्यांत उंच वस्तू एकच होती, झागोर्काची शिडी, खिडकीपासून पिंपापर्यंत आडवी. राखी कोंबडी आधी खोक्यावर चढली, तिथून शिडीवर. शिडीची बाजू चपटी, खरखरीत, वर्षानुवर्षं उन्हापावसात मुरलेली. तिने एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, पोट टेकलं. काही वाजलं नाही. मागोमाग दुसरी गेली, तिसरी गेली. सहा एका बाजूवर, पाच दुसऱ्या बाजूवर. कोंबडा शेवटी गेला आणि टोकाला बसला. भांडण नाही, ढकलाढकली नाही. सगळ्या एका उंचीवर, मग भांडणार कशासाठी?

देसांकाने दारातून मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. "बारा," ती म्हणाली, आणि मिलोयेचा हात धरला. लग्नाच्या वाढदिवसालाही ती हे करत नसे.

पण शिडी खिडकीतून बाहेर चांगली दीड हात आली होती, आणि खिडकीची झडप तिच्यावर अडकून उघडीच राहिली होती. कुनाला तेवढी फट म्हणजे राजरस्ता. शिडी काढावी तर कोंबड्या उडणार. मिलोये करवत घेऊन मागच्या बाजूला गेला. दिवसभर आपल्या दांडीला हात लावू न देणाऱ्या त्या माणसाने झागोर्काच्या शिडीच्या दोन्ही बाजू, तिला न विचारता, भिंतीलगत अशा कापल्या की मिनिटभरात तुकडा बर्फात पडला. आत कोंबड्या जरा डुलल्या, कुरकुरल्या आणि पुन्हा माना पंखात घालून बसल्या. झडप नीट मिटली.

वेलिमिर भिंतीपाशी उभ्यानेच आमटी खात होता.

"कुम," देसांका त्याला म्हणाली, "पुढच्या वर्षीही तुम्हीच यायचं हं. असा पायगुण कुणाचा नाही."

"येईन की," तो म्हणाला. "पण बसायला नाही."

झागोर्काने बर्फातला तुकडा उचलला. दोन पायऱ्या होत्या त्याला. तिने तो मिलोयेसमोर धरला.

"ही माझी शिडी."

"आठवड्याच्या आत नवी करून देतो," मिलोये म्हणाला. "शपथ. यापेक्षा कितीतरी चांगली."

"चांगली नको. दोन बाजू, नऊ पायऱ्या. त्यात काही दुमडायचं नाही."

"नाही नाही. साधीच."

झागोर्का तुकडा काखेत मारून गेली. मिलोये तिच्याकडे बघत राहिला. ती फाटकापलीकडे गेल्यावर तो बायकोजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "मी काय म्हणतो, एवढी लांब शिडी ठेवते कुठे ती? तिची पडवी केवढीशी. मधोमध एक बिजागरी टाकली तर..."

देसांकाने खुराड्याच्या दाराला कडी घातली.

"घरात चल," ती म्हणाली. "आणि ती कानावरची पेन्सिल आधी माझ्याकडे दे."